घोंगड्याखालची भिंगरी

बेअरिंग माझ्या हातातून निसटलं आणि उद्यमनगरच्या गल्लीत उताराला लागलं. ऑगस्टातली झड होती. आठ दिवस कोल्हापूरनं ऊन पाहिलं नव्हतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल आणि दोन बोटांत बेअरिंग... निसटायचंच होतं. ते गडगडत एका वर्कशॉपच्या दारात शिरलं, आणि लेथपाशी उभ्या असलेल्या माणसानं मान वर न करता ते डाव्या पायाखाली अडवलं.

मग डाव्या हातानं उचललं, पुसलं, उजव्या हातात घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"काय पावणं, चांगलं बेअरिंग गटारीला सोडताय व्हय?"

पहिल्या नजरेत मला काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक नंतर काहीबाही समजतात. उंच, सावळा माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात पेनाच्या जागी मापं घ्यायचा व्हर्नियर... एवढंच मी नोंदवलं. हात बदलून दिलं तेही नोंदवलं. डावा तेलकट असेल, असं धरून चालले.

"मला नायलॉनच्या चकत्या करून हव्यात," मी म्हटलं. "मागच्या गल्लीत कुणीतरी करतं म्हणाले."

"त्ये गावाला गेल्यात. काय बनवताय?"

"भिंगरी."

"जत्रंतली?"

"उजेडाची."

त्यानं लेथ बंद केला. "आत या की मग. भिजत कशाला सांगताय?"

त्याचं नाव कृष्णात. वर्कशॉप पुढं, घर मागं, आणि घरात आई, बायडाबाई. मी कालिंदी, जयसिंगपूरची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक खेळण्यांची कंपनी आहे, तिच्या डिझाइन विभागात मी नोकरीला. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि टेबलाचा एक न उघडणारा खण. आमच्या राजवर्धन सरांनी मला तीन महिने दिले होते. माझी भिंगरी मुलांच्या चाचणीत पास झाली तर ती कागललाच बनणार, विभाग राहणार. नाही झाली, तर विभागाला कुलूप आणि माझी बदली पुण्याच्या ऑफिसात, खोक्यांवरची चित्रं निवडायला. मला खेळणी बनवायची होती. खोक्यांशी माझं काही भांडण नाही, पण आयुष्य त्यांच्यासोबत काढावं असंही काही नाही.

भिंगरी साधीच होती. मूठ, मुठीवर बेअरिंग, बेअरिंगवर पुरीएवढी चकती. चकतीवर मधोमधपासून कडेपर्यंत एका रेषेत बारा बारीक दिवे. बोटानं कडेला टिचकी मारायची, चकती गरगरते, दिवे आपापल्या वेळेला लागतात-विझतात, आणि हवेत चित्र उमटतं. फूल, मासा, नाहीतर तुमचं नाव. अंधारात पेटती उदबत्ती फिरवली की गोल दिसतो ना, तेच. फक्त जरा शिकलेलं.

पहिली चकती फिरली, पण अक्षरं थंडी वाजल्यासारखी थरथरत होती.

"तोल न्हाय," कृष्णात म्हणाला. त्यानं चकती आडव्या पिनेवर लटकवली आणि हात मागं बांधून उभा राहिला.

"आता काय करायचं?"

"थांबायचं. जड बाजू आपसूक खाली येती."

चकती डुलली, डुलली... आणि थांबली. खालच्या कडेला त्यानं खडूची खूण केली, तिथून नखाएवढं नायलॉन काढलं, पुन्हा लटकवली. असं सात वेळा. आठव्या वेळी चकती कुठंही सोडली तरी तिथंच राहिली. मी घड्याळ पाहिलं, चाळीस मिनिटं झाली होती. मला वीस वाटली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं ठरलं. बुधवारी जायचं काही कारण नव्हतं. गेले.

अडचण एकच होती. दिवसाढवळ्या दिवे नीट दिसत नसत. त्यावर बायडाबाईंनी उपाय काढला. घरातलं काळं घोंगडं आणून आमच्या दोघांच्या डोक्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "बघा आता काय बघायचं त्ये. मी चा ठेवतो." आणि गेल्या. इतक्या निर्धास्तपणे दोन तरुण माणसांना एका घोंगड्याखाली सोडणारी आई मी दुसरी पाहिलेली नाही.

"वास येतोय," मी म्हटलं.

"मेंढराचं हाय. मोगऱ्याचा कुठनं येणार?"

"मारा टिचकी."

त्यानं मारली. चकती अडखळत निघाली, अर्धं फूल उमटलं आणि विझलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा माणूस, पण टिचकी मात्र बालवाडीतली.

"लेथवर एवढा हात चालतो आणि इथं काय होतं?"

"तुमचा श्वास लागतोय चकतीला."

"मग काय श्वास घेऊ नको?"

"घ्या की. तिकडं तोंड करून घ्या."

"तिकडं तोंड केलं तर दिसणार काय?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"...मग हिकडंच करा," तो म्हणाला.

मी दुसरी टिचकी मारली. बारा दिव्यांचं निळं-लाल फूल आमच्या दोघांच्या मधोमध उमललं. मी फुलाकडं पाहत होते. तो फुलाकडं पाहत नव्हता. हेही नोंदवलं.

असे सहा आठवडे गेले. चहाची कपबशी तो डाव्या हातानं उचलायचा आणि मला देताना उजव्यात घ्यायचा. चकती, स्क्रू, पावसात विसरलेली छत्री... सगळं तसंच. मला 'मॅडम' म्हणायचा, 'तुम्ही' म्हणायचा, आणि गंमत अंगाशी यायला लागली की 'पावणं' म्हणून अंतर ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "सहा आठवडे येणारा पावणा असतो का?" तर म्हणाला, "येऊन परत जातो, त्यो पावणाच की." मला राग आला. का आला, ते तेव्हा तपासलं नाही.

चाचणी सोमवारी होती, चाळीस मुलांची. बारा भिंगऱ्या तयार झाल्या. प्रत्येकीत मी फूल, मासा आणि एकेक नाव भरलं होतं, एकीत माझं. शनिवारी दुपारी, भिंगऱ्यांच्या खोक्यांचे कागद तिथंच विसरले होते म्हणून, मी न कळवता वर्कशॉपवर गेले.

शटर अर्धं खाली होतं. आत अंधारात कृष्णात दाराकडं पाठ करून बसला होता आणि त्याच्या डाव्या बोटाची टिचकी... काय सांगू! चकती नुसती गुणगुणत होती. इतकी सुरेख फिरताना मी ती कधी पाहिली नव्हती. समोर भिंतीला दाढीचा आरसा होता, आणि तो भिंगरीकडं न बघता आरशात बघत होता. आरशात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं... कालिंदी.

आणि भिंगरीवर तेच नाव उलटं. कागदाच्या मागल्या बाजूनं दिसावं तसं, शेवटून पहिल्याकडं.

मी दारातच थांबले. नाव वाचून थांबायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी दुसऱ्याच कारणानं थांबले. उजव्या बोटानं टिचकी मारली की चकती घड्याळासारखी फिरते, डाव्या बोटानं मारली की उलट. दिवे बिचारे ठरल्या क्रमानंच लागतात. दर दहा मुलांत एक डावखुरं असतं हे मला पाठ होतं, आणि भिंगरी बनवताना मी ते साफ विसरले होते. सोमवारी चारेक मुलांच्या हातात नाव उलटं येणार होतं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

तो दचकून उठला. डावा हात पटकन पाठीमागं गेला.

"काय?"

"डाव्या हातानं उलटं दिसतं, हे."

"पयल्या दिवसापासनं."

"आणि बोलला नाहीत? सहा आठवडे? माझी नोकरी, माझं सगळं या चकतीवर आहे, आणि तुम्ही माझ्यासमोर उजव्या हातानं टिचक्या मारत बसलात?"

माझा आवाज चढला होता. मागच्या दारातून बायडाबाई डोकावल्या आणि तिथंच थांबल्या.

"मॅडम, पावण्यासमोर डावा हात चालवायचा नसतोय," तो खाली बघत म्हणाला. "लहानपणी जेवताना ह्यो हात बांधून ठेवायची आई. लिवायला उजवा, परसाद घ्यायला उजवा, कुणाला काय द्यायचं तर उजवा. लेथला कोण बघत न्हाय म्हणून तिथं डावा चालतोय. भिंगरी उलटी दिसली तवा वाटलं, बरोबरच हाय... भिंगरी न्हाय, माझा हात उलटा हाय. म्हणून आरसा लावला."

रागावणं मला जमतं, पण त्यासाठी समोर चुकलेला माणूस लागतो.

"कृष्णात," मी म्हटलं. 'मॅडम'ला शोभेल असा आवाज काढायचा होता, तो निघाला नाही. "चूक भिंगरीची आहे. म्हणजे माझी आहे. तुमच्या हाताची नाही. कधीच नव्हती."

त्यानं वर पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या दुपारी मला आवडला तो, फार आवडला, आणि हे मी कुठल्याही खडूच्या खुणेशिवाय ओळखलं.

बायडाबाई दारातून हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठं ठावं हुतं पोरी... माझ्या आईनं माझा बांधलावता, मी ह्याचा बांधला." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

रविवार कामात गेला. चकतीला आपण कुठवर फिरलो हे कळावं म्हणून मुठीत एक चुंबक बसवलं होतं. ते एकच असल्यानं फेरी झाली एवढंच कळायचं, दिशा कळायची नाही. मी म्हटलं, शेजारी दुसरं चुंबक उलट्या तोंडानं बसवू. कुठलं तोंड आधी येतं त्यावरून दिवे आपला क्रम फिरवतील. कृष्णातनं बाराही मुठींना नवं भोक पाडलं, मी बाराही चकत्यांचा प्रोग्रॅम बदलला. दुपारी भाकरी, झुणका आणि पुन्हा घोंगडं.

"उजव्यानं," मी म्हणायची. तो मारायचा, बालवाडीसारखी. नाव सरळ.

"आता डाव्यानं."

पहिल्यांदा तो घुटमळला. "तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोरच."

टिचकी बसली. चकती गुणगुणली. माझं नाव आमच्यामध्ये हवेत सरळ उभं राहिलं, आणि त्यानं ते आरशाशिवाय वाचलं, एकेक अक्षर, मोठ्यानं. बाकीच्या अकरा भिंगऱ्या तपासायला आम्हाला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी चाळीस मुलांनी गोंधळ घातला. पाच डावखुरी निघाली, माझ्या हिशोबापेक्षा एक जास्त. त्यांतल्या एकीनं दोन्ही हातांनी आळीपाळीनं टिचक्या मारून बघितल्या, आणि भिंगरी परत मागितली तेव्हा चक्क पळून गेली. राजवर्धन सर म्हणाले, "झालं. कागललाच बनवू." एवढंच म्हणाले. मी मात्र टेबलाचा तो न उघडणारा खण ओढून बघितला. उघडला नाही. तरी हसू आलं.

मंगळवारी सकाळी मला कळलं की भिंगरी पास झाली म्हणजे उद्यमनगरला जायचं कारण संपलं. आता चकत्या साच्यातून निघणार होत्या, हजारोंनी. तोल सांभाळायला मशीन येणार होतं. पुणं टळलं होतं आणि तरी मला कुणीतरी बदली दिल्यासारखं वाटत होतं. येऊन परत जातो तो पावणा. मी आता परत जाणार, एवढंच उरलं होतं.

तरी गेले. मंगळवार माझा ठरलेला वार होता.

पाऊस थांबला होता. कृष्णातनं बातमी ऐकली, मान हलवली, कापडानं हात पुसले, बराच वेळ पुसले. मग फळीवरून एक भिंगरी उचलली. बारातली नव्हती ती. मूठ शिसवीची, हातानं घासलेली, वर माझी जुनी पहिली चकती, कडेला नखाएवढ्या सात खुणा असलेली.

"ही तुमची," तो म्हणाला. "म्हणजे... साच्यातली नव्हं. ह्या लेथवरची."

नेहमीप्रमाणं ती डाव्या हातातून उजव्या हातात गेली. मी हात पुढं केला. पण त्याचा हात मध्येच थांबला. भिंगरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं... आणि त्यानं ती पुन्हा डाव्या हातात घेतली. तशीच पुढं धरली.

मागच्या दारात कपबशा वाजल्या.

"कृष्णात!" बायडाबाई करवादल्या. "आरं, पावणीला डाव्या हातानं देतोस व्हय?"

त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही.

"पावणी कुठं हाय, आई?"

पुढं केलेला उजवा हात मी मागं घेतला आणि डाव्या हातानं भिंगरी घेतली. त्याची बोटं सोडायची मात्र राहून गेली.