आधी सांगायचं हं!

टण्ण! सासूबाईंच्या हातून वाटी निसटली आणि तीन महिने जिवापाड जपलेली घरातली शांतता फुटली... सहा वर्षांची चिमी क्षणात टेबलाखाली. कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले!

ती बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी असताना अपघाताचा तो धडाका झाला होता. चिमीला खरचटलं फक्त. बाबा परतलेच नाहीत. तेव्हापासून दारावरची घंटा बंद, घड्याळ बंद, आणि ज्याच्यावर चार घरचे कपडे शिवून घर चालायचं, ते शिलाई मशीनही झाकलेलं.

"तिला आत्याकडेच धाडते उद्या," सासूबाई कडाडल्या. "इथे काय उरलंय तिचं? एका रिळापायी माझा मुलगा घालवलास तू!"

चिमीच्या आईने वाटी उचलली. निळं रीळ आणायला तिनेच तर पाठवलं होतं दोघांना... ते शल्य अंतःकरणात एकटीनेच वागवायचं होतं. पण लेकही दुरावली तर?

शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, "चिडीचूप घरात मूल आवाजाची वाटच बघत बसतं हो. घर मुकं करू नका. आवाज करायच्या आधी तिला सांगत जा."

आई टेबलाखाली शिरली. "चिमे, आता मी मशीन चालवणार हं. खडखड होईल... मग थांबेल."

"वेड लागलंय का तुला!" सासूबाई किंचाळल्या.

मशीनवरचं कापड काढून आईने चाक फिरवलं. खडखड झाली. थांबली. पुन्हा सांगितलं, पुन्हा झाली... पाचव्या खेपेला एक चिमुकला हात मशीनच्या चाकावर आला.

"आता मी सांगते," चिमी पुटपुटली. "आई, खडखड!"

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. मग तिथून कापरा आवाज आला, "चिमे... आजी आता झाकण ठेवतेय हं. जरासं वाजेल."

झाकण वाजलं. चिमी दचकली, पण पळाली नाही!

पदराने डोळे टिपत सासूबाई दारात आल्या. "सूनबाई, रिळाचं बोलले ना मी... जीभ झडो माझी. कुठे नाही पाठवायची पोरीला."

आईला अश्रू आवरेनात. चिमी मात्र चाकाकडे एकटक बघत होती.

"आई, तो मोठ्ठा आवाज होता ना... त्याच्या आधी बाबांनी मला का नाही सांगितलं?"