साठावा निरोगी माणूस

मला एक निरोगी पुरुष हवा होता. वय पंचवीस ते एकोणतीस, कावीळ न झालेला, आणि हवा होता तोही दोन दिवसांच्या आत. लग्नासाठी नव्हे हो... संशोधनासाठी!

शहराच्या त्या भागात कावीळ पसरली होती आणि ती कशातून आली हे शोधणं हा माझा पदवीचा अभ्यास होता. साठ आजारी माणसं घ्यायची. त्यांच्याच गल्लीतली, त्यांच्याच वयाची साठ निरोगी माणसं घ्यायची आणि सगळ्यांना तेच विचारायचं : त्या महिन्यात काय खाल्लंत, काय प्यायलात? उत्तरांत जिथं फरक, तिथं रोगाचं मूळ. निरोगी माणूस मात्र आपल्या आवडीनं निवडायचा नाही. आजारी माणसाच्या दारातून निघून उजवीकडे वळायचं आणि अटीत बसणारा पहिला जो भेटेल, तो घ्यायचा. उजवीकडच्या पहिल्या घरात दोघी बहिणी राहत होत्या. दुसऱ्यात ऐंशीचे आजोबा. "मी काय निरोगी नाही?" म्हणून ते रुसूनच बसले. तिसरं होतं शिंप्याचं दुकान.

तो मान वाकवून कापडावर खडूची रेघ ओढत होता. तोंडात टाचण्या. दुकानभर इस्त्रीच्या वाफेचा उबदार वास.

"वय काय तुमचं?" मी विचारलं.

त्यानं एकेक टाचणी काढून ठेवली. "सत्तावीस."

"कावीळ वगैरे झाली होती?"

"वहिनी," तो आत बघून म्हणाला, "स्थळ बघायला आलेत. तब्येतीपासून सुरुवात केलीय."

काजं करत बसलेली वहिनी खुदकन हसली. माझे कान तापले. मी घाईघाईनं कागद पुढे केले.

हा प्रश्न विचारला की लोक एक तर "कोण लक्षात ठेवतं हो" म्हणतात, नाहीतर मला बरं वाटेल ते सांगतात. या मास्तरांनी ऑर्डरची वही काढली.

"तारीख सांगा... बारा? त्या दिवशी बँडवाल्यांचे अकरा कोट होते. मान वर करायला फुरसत नव्हती. डबा घरचा, पाणी घरचं. संध्याकाळी मात्र... थांबा. कोट न्यायला आले तेव्हा त्यांनीच सरबत पाजलं."

"बर्फ घातलेलं?" माझा संशय बर्फावरच होता, तरी मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"हो. का, घातलेलं नको होतं?"

"मला काय हवंय, ते मी सांगू शकत नाही."

"वहिनीही असंच म्हणते. मग दोन दिवस बोलत नाही."

वीस मिनिटांच्या फॉर्मला दीड तास लागला. घरी येऊन बघते तर काय, संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर सही घ्यायचीच राहिलेली. एकशे एकोणीस माणसांत अशी चूक झाली नव्हती. एकशे विसाव्यालाच बरी झाली.

सहीसाठी परत गेले. मग कागदांच्या ओझ्यानं ॲप्रनचा खिसा उसवला म्हणून गेले. त्यानं आतून दुहेरी अस्तर लावून दिलं. चौथ्यांदा जायला काही कारणच नव्हतं, तरी गेले.

"दारोदार फिरता, लोक हाकलतात," तो मशीन थांबवून म्हणाला. "वैताग नाही येत?"

"येतो ना. पण एका घरात चौघं आजारी होते. धाकटी तेवढी बरी होती. हे कुठून आलं ते कळलं, तर तिला तरी होणार नाही."

तो उठून वही घेऊन आला. "माझं काही चुकलं नाही ना? परत एकदा बघू का सगळं?"

गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि हा माणूस एका अनोळखी मुलीसाठी महिनाभराची पानं पुन्हा वाचत बसला. मी कामातून गेले ती तिथंच.

आणि तिथंच माझी झोप उडाली. अभ्यासाच्या नियमावलीत मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं : संशोधकाचं मन ज्याच्यात गुंतलं आहे, त्याची माहिती धरू नये. कारण उघड आहे, आपल्या माणसाचं उत्तर आपण आपल्याला हवं तसं ऐकतो. शुक्रवारी पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांपुढे आकडे मांडायचे होते. एक जरी फॉर्म संशयाचा निघाला, तर सगळा अभ्यास ते बाजूला सारणार. आणि गप्प बसले असते, तर कोणाला कळणारही नव्हतं.

बुधवारी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "त्याला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"धन्य आहेस बाई. काढ तो फॉर्म, कारण लेखी दे. आणि उद्या दुसरा माणूस आण, त्याच गल्लीतला."

त्याच गल्लीतला, म्हणजे त्याच्या पुढच्या दारातला. गुरुवारी मी मान खाली घालून शिंप्याचं दुकान ओलांडलं आणि शेजारच्या बॅटरीवाल्याकडे बसले. वय अठ्ठावीस, कावीळ नाही, बडबड्या आणि हसरा. तासभर तेच प्रश्न विचारले. मशीनचा आवाज मध्येच थांबायचा, मध्येच तावातावानं सुरू व्हायचा.

बाहेर आले तर तो दारातच उभा.

"आमची उत्तरं नापसंत झाली वाटतं."

"तुमचा फॉर्म मी काढून टाकला," मी म्हटलं.

"का? मी एक शब्द खोटा सांगितला नाही."

"माहीत आहे. इतकं खरं कोणीच सांगितलं नाही. पण नियम आहे... संशोधकाचं मन ज्याच्यात गुंतलंय, त्याची माहिती धरत नाहीत."

आत वहिनीची सुई थांबली.

"आणि हे तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

"मॅडमना. लेखी."

"मला न विचारता?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या मनात काही नसतं तर?"

"तरी काढावाच लागला असता. नियमात तुमच्या मनाचा प्रश्नच नाही, माझ्या मनाचा आहे. मला तुम्ही आवडता. इतकंच."

आवाज कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

त्यानं टेबलावरचा कोट उचलून माझ्यापुढे धरला. डावी बाही उजवीकडे जोडलेली, उजवी डावीकडे.

"बारा वर्षं शिवतोय," तो म्हणाला. "आजवर असं झालं नव्हतं. तो शेजारचा तासभर हसत होता तुमच्याशी."

वहिनी आतून म्हणाली, "भावजी, त्यांना बसायला तरी सांगा."

"आज नको, मला हे कागद पोचवायचेत," मी कशीबशी म्हटलं. "उद्या आकडे मांडायचेत. परवा येते... पण आता काही काम निघणार नाही माझं तुमच्याकडे."

"नकोच," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं या."