मा टिटीनचा आवाज

"टेप गेली, लेविना! मा टिटीनची टेप!" डॉ. मॅकलॉरेन दारातूनच ओरडले.

कॅरिआकू बेटावर रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता या माणसाने म्हाताऱ्यांची गाणी, गोष्टी, वंशावळी जमवल्या होत्या. मा टिटीन नुकतीच वारली होती. तिचं ढोलावरचं गाणं त्या एका टेपवरच उरलं होतं. दुपारच्या बोटीने रेडिओवाले ते न्यायला येणार होते!

खाजगी डिटेक्टिव्ह लेविना बेडो तडक निघाली. मागोमाग मासा चघळत तिचा मावसभाऊ क्लेमंट.

दवाखान्याच्या फळीवर 'मा टिटीन' लिहिलेला डबा होता.

"हा काय, इथंच तर आहे!" क्लेमंट म्हणाला.

"त्यात कोरी टेप आहे," डॉक्टर म्हणाले. "गेल्या महिन्यात इथं रेकॉर्डिंग संपताच घाईत तिची टेप मी 'मलेरिया'च्या डब्यात घातली. कुणाला बोललोही नाही. तोच डबा रिकामा झालाय."

परदेशी संग्राहक हार्वेल हॉटेलात भेटला. "विकत मागितली होती, खरंय. तिच्या नावाचा डबा फळीवर पाहिला, बस्स."

नवी नर्स सिबिल भडकली. "मी लागले परवा! त्या म्हातारीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

मा टिटीनची मुलगी यूफेमी चुलीवर मक्याचं पीठ घोटत होती. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मी आईला दवाखान्यात सोडलं नि बाहेर आंब्याखाली जाऊन बसले. दारं-खिडक्या बंद. बिचारी कडवं संपलं की नुसत्या हातानं पाणी मागायची."

लेविना हसली. "हार्वेलनं नावाचाच डबा उचलला असता. सिबिल रेकॉर्डिंगच्या वेळी नव्हतीच. चोरानं टेप 'मलेरिया'त जाताना पाहिली. आंब्याखालून हाताची खूण दिसते होय गं? तू दाराच्या फटीशी होतीस!"

"अरेच्चा!" क्लेमंटचा मासा हातातच राहिला.

यूफेमीच्या हातातला डाव थांबला. "गाणं संपल्यावर आई माझ्या खऱ्या बापाचं नाव सांगते. तो जिवंत आहे. रेडिओवर साऱ्या बेटानं ऐकायचं?"

तिने पिठाच्या पिंपातून टेप काढली. सोबत आलेल्या डॉक्टरांनी आपल्या टेपरेकॉर्डरवर शेवटचा भाग लावून ऐकला, बॅगेतली कात्री काढली आणि तेवढा तुकडा कापून तिच्या हातात दिला.

"गाणं बेटाचं. नाव तुझं."

बोटीचा भोंगा वाजला. यूफेमीने डोळे पुसले.

"रेडिओवाल्यांना थांबवा, डॉक्टर. तिसऱ्या कडव्यात आई चुकलीय. ते मी म्हणते."