उजवी बाहुली

मोबाइल उलटे ठेवा आधी. आणि तू रे, मधे मधे खिदळायचं नाही. पटलं नाही तर सरळ आत जाऊन झोपा, माझी काही हरकत नाही. पण ही गोष्ट आपल्या चष्मेवाल्याची आहे, माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताची, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. तेवढं डोकंच नाही त्याला.

त्याची पहिली बायको तुम्हाला आठवणार नाही. तिच्या उजव्या डोळ्यातली बाहुली जन्मापासून डावीपेक्षा मोठी होती. हा तिचा नंबर तपासायला बसला आणि त्या डोळ्यात जो पडला, तो पडलाच. लग्नानंतर दुकानात बाई-गिऱ्हाईक आलं, की तपासणीचा टॉर्च हीच धरायची. नवऱ्याला परक्या डोळ्यांत एकट्याने बघू देईल तर शपथ! तापाने गेली बिचारी. टॉर्च आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलेला राहिला.

काही वर्षांनी दुसरी आली. हसतमुख, कामाला वाघ. पण हा बोलताना तिच्या कपाळाकडे बघायचा. डोळ्यांत म्हणून बघायचा नाही. अख्ख्या गावाचे डोळे तपासतो आणि माझेच तेवढे वगळतो, म्हणून वहिनी आतल्या आत जळायची. मेलेल्या बाईवर जळायची, आणि ते कोणाला सांगायचीही चोरी.

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. गावाबाहेरच्या वाळूच्या पट्ट्यापलीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्या मास्तरांचा चष्मा पोचवायचा होता. "मीपण येते," वहिनी म्हणाली आणि स्कूटरवर मागे बसलीसुद्धा. चष्मा दिला, चहा झाला, मास्तरांच्या गप्पा झाल्या, निघेपर्यंत चांगलंच अंधारलं. अर्ध्या वाटेवर, एका वळणाला, नुसत्या वाळूत पांढरी फुलं उमललेली. भोंग्यासारखी, चांगली हातभर पसरलेल्या झुडपांवर. इतकी सुंदर, की वहिनीने त्याचा खांदाच हलवला.

"अहो, थांबा ना! कसली हो ही?"

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "ही अंधार पडल्यावर उमलतात. खाली बघ, गोल काटेरी फळ आहे. पान चुरडलं की घाण वास येतो. नुसत्या फुलावर जायचं नाही, फळ आणि पान बघायचं. धोतऱ्याच्या जातीचं आहे हे. मुळापासून बीपर्यंत विष."

वहिनी खूश. लग्न झाल्यापासून नवरा एका दमात एवढं बोलला नव्हता. "तुम्हाला कसं हो एवढं माहीत?"

"तिनेच शिकवलं. इथेच, याच वळणावर."

घ्या! अरे बाबा, कुठे काय बोलावं...

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. "मग मलाही येऊ दे की ओळखता," म्हणत तिने मूठभर पानं ओरबाडली, चुरडली, नाकाशी धरली. आणि रडायला लागली. रागाने, मत्सराने, हमसून हमसून रडली. आणि त्याच हाताने उजवा डोळा पुसला.

घर येईपर्यंत तिला त्या डोळ्याने धूसर दिसू लागलं. दुकानाच्या मागेच घर. लाइट गेलेली. त्याने तिचे हात धुतले, डोळ्यावर पाणी मारलं, तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. मेणबत्ती लांब काउंटरवर. एका हाताने तिची हनुवटी धरली. दुसऱ्याने पापणी वर केली. काही दिसेना.

"टॉर्च धर," तो म्हणाला. जुन्या सवयीने.

उजेड आला. बारीक. पांढरा. बरोबर डोळ्यावर.

बाहुली हलली नाही. मोठीच्या मोठी.

"अजून जवळ."

उजेड जवळ आला...

"अहो," वहिनी अगदी हळू म्हणाली. "तुमचे दोन्ही हात माझ्या तोंडावर आहेत."

"हो."

"माझे मांडीवर आहेत..."

...

तो वळला नाही. वळवेना. मानेवर श्वास लागत होता. गरम. तापातल्या माणसाचा असतो, तसा.

मग उजेड विझला. त्याने मेणबत्ती उचलून बघितलं. टॉर्च खिळ्याला. जागच्या जागी.

डॉक्टर म्हणाले, झाडाचा रस गेलाय, चार दिवसांत बाहुली आपोआप पहिल्यासारखी होईल. त्याला आता सहा वर्षं झाली.

काल माझा चष्मा आणायला गेलो होतो. वहिनी उजव्या डोळ्यावर कापसाची पट्टी बांधून बसली होती. म्हटलं, "दुखतो का हो डोळा?" तिने पट्टी जरा वर केली. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि बाहुली टपोरी, काळीभोर. तेवढ्यात चष्मेवाला आतून आला. हातातलं काम विसरला आणि बघतच राहिला तिच्या त्या डोळ्यात. इतक्या मायेने, की मीच नजर वळवली.

वहिनीने पट्टी खाली ओढली.

"दुखत नाही हो भावजी," ती म्हणाली. "पण यांना सांगून ठेवलंय. माझ्याकडे बघायचं असेल, तर डाव्या डोळ्यात बघा."