कॅशियरची सही

हसायचं तर हसा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या जूनमधला शनिवार. सिंगापूरच्या बेडोक भागातला आमचा फ्लॅट. आणि भर दुपार.

माझा दीर धवल इथे पोस्टडॉक करतो, आमच्याकडेच राहतो. त्याला जुन्या अमेरिकन नोटांचा नाद. पूर्वी तिकडे गावोगावच्या बँका आपापल्या नावाने नोटा काढायच्या म्हणे. बँक जितकी लहान, तितकी नोट दुर्मिळ.

त्या दिवशी त्याने क्वीन्सटाउनच्या एका चिनी आंटींची नोट आणली होती. आंटींचे मिस्टर बोटीवर होते, ते वारले. नोट विकायची म्हणून त्यांनी किंमत काढायला धवलकडे दिली होती.

त्याने मला ती दाखवली. खाली दोन सह्या असतात, बँकेच्या अध्यक्षाची आणि कॅशियरची. हाताने, शाईने केलेल्या. इथे अध्यक्षाची होती. कॅशियरची जागा कोरी. शाई उडून गेली की भाव पडतो, असं सांगून तो अंघोळीला गेला.

मी स्वयंपाकघरात होते. घरात आम्ही दोघंच.

तेवढ्यात...

कर्र... कर्र...

कागदावर टाक फिरवल्यासारखा आवाज.

धवल लिहीत असेल, असं वाटलं. पण बाथरूममध्ये तर पाणी पडत होतं.

मी त्याच्या खोलीच्या दारात गेले.

आवाज थांबला.

आत कोणीच नव्हतं. टेबलावर नोट होती.

आणि तिच्यावर... दोन सह्या होत्या.

धवल बाहेर आला. त्याने नोट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तू हात लावलास?"

मी नाही म्हटलं. त्याने सहीवर बोट टेकवलं.

बोटाला शाई लागली... ओली.

मग त्याने त्याच बँकेच्या दुसऱ्या नोटेचा फोटो नेटवर शोधला. भिंग लावून रेघ न् रेघ ताडून पाहिली. सही खरी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कॅशियरचीच.

नोटेचा भाव कितीतरी वाढला असता. पण ही सही अस्सल आहे, असं धवल कोणत्या तोंडाने सांगणार होता? त्याने नोट पाकिटात घातली आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्वीन्सटाउन गाठलं.

तिथलं त्याने मला फार नंतर सांगितलं. आंटींनी दार उघडलं. नोट घेतली. मग त्याच्या खांद्यामागे बघत म्हणाल्या...

"युअर फ्रेंड नॉट कमिंग इन आह?"

तो एकटाच गेला होता.

संध्याकाळी तो परत आला, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दार उघडलं. धवल आत आला, बूट काढले... आणि वळून दार धरून उभा राहिला.

बराच वेळ.

मग थोडा बाजूला सरकला. आणि त्याने दार हळूच लावलं.

धवल म्हणतो, असं काही झालंच नाही, आपण लगेच दार लावलं होतं. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

हल्ली तो बाहेरून आला की दार मीच लावते... पटकन.