सोवळ्यातला ताप

"मावशी, आलो गं आम्ही!" दारातून सिद्धार्थचा आवाज आला मात्र, संपदाताईंनी डाव्या खांद्यावरचा पदर घाईघाईने गळ्यापर्यंत ओढून घेतला, ओट्याला टेकलेली पाठ सरळ केली आणि होता नव्हता तेवढा जोर आवाजात आणून त्या म्हणाल्या, "या, या! पण तिकडेच बसा हं दोघं. शिवू नका मला, सोवळ्यात आहे मी!"

सोवळं खरंच होतं. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बाईच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाला, ते दरवर्षी असायचंच. पण यंदा ते त्यांच्या भलत्याच कामाला आलं होतं. त्या पदराखाली, गळ्याच्या हाडाखाली जिथे पेसमेकरची डबी बसवलेली होती, तिथली कातडी लालबुंद होऊन तटतटली होती. अंगात ताप होता, कालपासून थंडीही भरत होती. पॅरासिटामॉलची गोळी घेतली की ताप थोडा वेळ दबायचा आणि पुन्हा उसळायचा... पण सोवळ्यातल्या बाईच्या कपाळाला हात कोण लावणार?

वसंतात जुनी डबी काढून नवी बसवली, तेव्हा नर्सने त्यांना बजावून सांगितलं होतं. तिथे लाली, सूज, ताप, काहीही दिसलं तरी त्याच दिवशी फोन करा. डबीच्या तारा थेट हृदयात जातात, जंतू त्या तारांवरून रक्तात उतरले तर जिवावर बेतेल. संपदाताईंना ते नीट समजलं होतं. एवढी वर्षं या देशात काढलेली बाई, डच भाषा तिच्या जिभेवर होती! पण फोन केला की दवाखान्यात ठेवून घेणार, हेही त्यांना समजत होतं. मग नवमी हुकली असती. आणि सिद्धार्थ या घरी यायचा तो वर्षातून फक्त नवमीला.

हॉलंडमधल्या आल्मेरे गावातल्या या तीन मजली घरात बाकीचे दिवस कसे जायचे, ते त्या कोणालाच सांगत नसत. यजमान वासुदेवराव गेल्यापासून वरचे दोन मजले बंदच होते. सकाळी एक कप चहा, दुपारी सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावरच्या मुलीशी हवेबद्दल दोन वाक्यं, आणि रविवारी सिद्धार्थचा आइंडहोव्हनहून फोन. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "काही हवंय का?" "काही नको रे." बँकेतला माणूससुद्धा याहून जास्त बोलतो! फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ तशाच बसून राहत, जणू अजून काहीतरी बोलायचं राहिलंय आणि तो पुन्हा फोन करणार आहे...

दिवाणखान्यात वृंदाताईंचा फोटो होता. संपदाताईंची सख्खी थोरली बहीण, सिद्धार्थची आई. लेकरू सहा वर्षांचं असताना ती गेली, आणि घरच्या मोठ्यांनी वर्षाच्या आत धाकटीला भावोजींच्या गळ्यात बांधलं. धाकटीला कोणी विचारलं नाही. तिनेही तोंड उघडलं नाही. उलट लग्नानंतर वासुदेवरावांना तिने निक्षून सांगितलं, "मला माझं मूल नको. ताईच्या लेकराच्या मायेत वाटेकरी नको." केवढा हा त्याग! पण तो कोणाला दिसला नाही, आणि तिने कधी दाखवलाही नाही.

एक दिवस मात्र तिच्या काळजात रुतून बसला होता. तिघं हॉलंडमध्ये नुकतीच आली होती. अंगणासमोरच्या रस्त्यावर सिद्धार्थ सायकलवरून पडला आणि रडत ओरडला, "आई!" मावशी नाही... आई! संपदेच्या ओठांवर 'ओ' आलं होतं. सर्वांगाचे कान झाले होते. पण त्याच क्षणी फोटोतली ताई डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि तिने तो 'ओ' गिळून टाकला. बाहेर जाऊन तिने त्याला उचललं, गुडघा धुतला, फोटोपुढे उभं केलं आणि म्हणाली, "आई ही. मी मावशी. आईला विसरायचं नाही हं, राजा!"

आपण ताईचं ऋण फेडलं, या समाधानात ती त्या दिवशी जेवलीही नाही. पोराने मात्र पुन्हा तशी हाक कधीच मारली नाही. तो शहाण्यासारखा वागू लागला, शहाण्यासारखा शिकला आणि शहाण्यासारखा दूर निघून गेला.

वासुदेवराव गेल्यावर पुण्याच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, "यजमान गेले की अविधवा नवमी राहत नाही बरं का वहिनी. आता त्यांच्या तिथीलाच दोघांचं." त्यांचं श्राद्ध सिद्धार्थ आइंडहोव्हनलाच करायचा. म्हणजे आल्मेरेला यायचं कारणच संपलं! संपदाताई "बरं बरं" म्हणाल्या आणि ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. शास्त्र मोडल्याचं पाप लागायचं तर लागो, पण पोर दाराशी येऊ दे!

"मावशी, मी काही मदत करू का?" सूनबाई मीनलने दारातूनच विचारलं.

"तू आज सवाष्ण म्हणून जेवायचंस. बाहेरची सवाष्ण इथे कुठून आणू? ताईला तूच चालशील."

सुरिनामी दुकानातून आणलेल्या अळूचं फदफदं झालं होतं, वडे झाले होते, आमसुलाची चटणी वाटून झाली होती. मागच्या अंगणातल्या कुंपणावर ठेवलेल्या घासावर इथले करड्या मानेचे बुटके कावळे केव्हाच तुटून पडले होते. वाढायची राहिली होती फक्त खीर. संपदाताईंनी पातेलं उचललं, आणि हाताला कापरं भरलं. दात एकमेकांवर आपटू लागले.

"मावशी!" सिद्धार्थ धावला, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर हात पुढे करून थबकला. लहानपणापासूनची सवय ती! "मावशी... धरू का?"

"नको... सोवळं... आधी ताईचं पान..."

पातेलं निसटलं. खीर जमिनीभर झाली, आणि कोसळणाऱ्या मावशीला त्याने दोन्ही हातांनी कवटाळलं. केवढी भाजत होती ती! पदर सरकला, ब्लाउजच्या गळ्यातून वर चढलेली सूज त्याला दिसली, आणि तो किंचाळला, "मीनल, ॲम्ब्युलन्स बोलाव!"

ॲमस्टरडॅमच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं, आणि नर्सने बजावलेलं सगळं खरं ठरलं. जंतू रक्तात उतरले होते. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. नुसत्या औषधांनी भागणार नाही. डबी आणि तारा, सगळंच काढावं लागेल, नवी डबी बसेपर्यंत हृदयाला तात्पुरत्या तारेचा आधार देऊ. पण आतल्या तारा फार जुन्या, त्या हृदयाला चिकटल्यात. सोडवताना हृदय फाटूही शकतं. मनाची तयारी ठेवा.

दोन दिवसांनी ताप थोडा उतरला. सिद्धार्थ पलंगाशी बसून होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मावशी, तुला सगळं माहीत होतं. एक फोन करायचास ना! किती दिवस लपवलंस? का?"

"तू येणार होतास ना रे..."

"म्हणजे?"

"दवाखान्यात गेले असते तर नवमी हुकली असती. मग तू पुढच्या वर्षीच..." त्यांचा आवाज चिरकला. "आणि ऐक, आता लपवून काय करू? तुझे बाबा गेल्यावर ही नवमी करायचीच नसते. गुरुजी म्हणाले होते. मी तुला फसवलं सिद्धू! तू यावंस म्हणून ताईच्या नावावर खोटं बोलले मी!"

तो खाली मान घालून म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"मीनलच्या आईने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की नवमी आता नसते. मी मीनलला म्हटलं, मावशीला यातलं काही बोलू नकोस."

"मग येत का होतास रे?"

"मला तरी दुसरं काय निमित्त होतं?" एवढा मोठा बाप्या, पण त्याला हुंदका आवरेना. "नुसतं भेटायला कसा येणार होतो? तुला मी नकोच होतो ना! सायकलवरून पडलो होतो, तुला आई म्हणून हाक मारली, तर तू मला फोटोसमोर नेऊन उभं केलंस. मला वाटलं, मावशीला माझी आई व्हायचं नाहीये. मग मी पुन्हा कधी त्रास दिला नाही."

"अरे देवा..." संपदाताईंच्या अंतःकरणात काहीतरी कडकन तुटलं. त्रास! ज्या हाकेसाठी त्या जन्मभर व्याकूळ झाल्या, तिला हे लेकरू त्रास समजून बसलं होतं! "राजा, ताईला तू विसरशील, या भीतीने केलं रे मी ते. त्या दिवशी घास उतरला नाही माझ्या घशाखाली. कितीदा वाटलं, पुन्हा एकदा पड, पुन्हा एकदा मला तशी हाक मार... किती वाईट बाई मी, लेकराने पडावं म्हणून वाट पाहणारी!"

त्याने त्यांचा हात आपल्या गालाशी धरला. सलाइनची नळी मध्ये आली, ती त्याने हलकेच बाजूला केली. खिडकीबाहेर मेट्रो येत होती, जात होती. मीनलने घरून वृंदाताईंचा फोटो आणून खिडकीत ठेवला होता. आज प्रथमच संपदाताईंना त्या फोटोकडे बघताना अपराधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पलंग ऑपरेशनकडे निघाला. लांबलचक कॉरिडॉर, पांढरे दिवे, अनोळखी चेहरे. सिद्धार्थ पलंगाला धरून चालत होता. शेवटच्या दारापाशी नर्सने त्याला थांबवलं. इथून पुढे नाही. त्याचा हात सुटला. संपदाताईंना मान वळवता येईना. एवढी वर्षं एकटीने काढली, आता हा शेवटचा दरवाजाही एकटीनेच... त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई!"

मागून हाक आली. कानाआड करता येणार नाही अशी, लहान पोर रस्त्यावर पडल्यावर मारतं तशी.

नर्स पुढे झुकून काहीतरी विचारत होती, पण संपदाताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. कोरड्या पडलेल्या घशात होतं नव्हतं ते बळ त्यांनी एकवटलं.

"ओ!" त्या म्हणाल्या. "ओ, राजा... ओ!"

आणि दार मिटलं.