उद्या लाकडं येतात

सिद्धी आणि देवेश पहिल्यांदा भेटले तेव्हा सिद्धीच्या डोक्यावर एक भिंत लटकत होती.

मांद्र्याला समुद्राजवळ कुणा दिल्लीवाल्याचा बंगला उभा राहत होता. चिरा नाही, वीट नाही, सगळ्या भिंती लाकडाच्या. उभ्या-आडव्या फळ्यांचे थर चिकटवून, दाबून केलेली वीतभर जाड पॅनलं परदेशातून मुरगाव बंदरात उतरत आणि ट्रेलरवरून इथे येत. नकाशे सिद्धीचे. ती कारापूरची, पुण्याला आर्किटेक्चर शिकून परत आलेली. मान वर करून ती भिंतीतलं खिडकीचं भोक न्याहाळत होती आणि क्रेनवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

शेवटी त्याने भिंत बाजूला नेऊन अलगद टेकवली आणि खाली उतरून आला.

"मॅडम, मराची इतकी घाई होती तर खाणी चालू होत्यो तेव्हा येवचा होता."

"तुमच्या हातातून पडली असती का?"

"माझ्या हातातसून नाय." त्याने मागे वळून भिंतीकडे बघितलं. "पण भिंतीचो भरवसो नाय."

पहिलं वाक्य तो हसत बोलला होता, दुसरं नाही. सिद्धीच्या मनात दुसरं राहिलं... आणि खोटं कशाला बोला, त्याचे डोळेही राहिले.

मग दुपारची सुट्टी काजूच्या सावलीत होऊ लागली. देवेश हळर्णचा. डिचोलीच्या खाणीवर मशीन चालवायचा. खाण बंद पडली तशी क्रेनवर चढला. त्याला पॅनलांविषयी भारी चौकशा.

"पावसात भिजला तर कुसत नाय?"

"भिजलं तर हरकत नाही. वाळायला वारा पाहिजे."

"आणि माणूस भिजलो तर?"

"त्याने मुकाट घरी जावं."

"आणि घरच नसला तर?"

ती हसली. तो हसला नाही. मग त्याने सांगितलं. पुराच्या वर्षी नदी घरात शिरली. पाणी ओसरलं, ऊन पडलं, सगळ्यांना वाटलं सुटलो. देवासमोरची समई काढायला त्याची आई, देवकी, आत गेली आणि भिजून फुगलेली मातीची भिंत तिच्या अंगावर बसली. बापाने, सगुणने, हाताने माती उपसली. नखं गेली, बायको नाहीच मिळाली जिवंत. तेव्हापासून म्हातारा भिंतीच्या आत झोपत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत खुर्चीवर बसून रात्र काढतो, उन्हाळा असो की पाऊस.

"एकदाच," देवेश म्हणाला, "मरच्या आदी एकदा तरी तेणी आत, आडवो पडान निजाक व्हयो. तोपर्यंत माका दुसरां कायच सुचाचा नाय..." आणि तो तिच्याकडे बघता बघता थांबला.

दुसरं म्हणजे काय, ते सिद्धीला कळलं. तिने न कळल्यासारखं केलं आणि उरलेली भाकरी तशीच फडक्यात बांधली.

पुढे दिल्लीवाल्याने पाहुण्यांच्या खोल्यांचा बेत मोडला. त्यांची पॅनलं बंदराजवळच्या गोदामात पडली होती. नेता तर न्या, जागा मोकळी करा, म्हणाला. सिद्धीने त्याच पॅनलांतून देवेशच्या बापासाठी दोन खोल्यांचं घर कागदावर बसवलं. चिऱ्याचं जोतं पुराच्या खुणेच्या वर, चिरा आणि लाकूड यांच्यामध्ये वाऱ्याला फट, चारी बाजूंनी लांब वळचण. म्हाताऱ्याच्या खोलीची खिडकी इतकी खाली की पडल्या पडल्या अंगण दिसावं. नोकरीत तिने शंभर खिडक्या काढल्या असतील, पण जीव लावला तो या एका खिडकीत.

जोतं बांधून झालं. भिंती लाकडाच्या हे बापाला न सांगताच देवेश ट्रेलर घेऊन मुरगावला गेला, आणि इथे सिद्धीने घोळ घातला.

देवेशचा फोन लागेना. गाडी सकाळी पोचणार, उतरवायला माणसं लागणार, म्हणून तिने त्याच्या बापाचा नंबर लावला. सगुणने उचलला.

"मी ऑफिसातून बोलतेय, काका. देवेशचा फोन बंद आहे. उद्या सकाळी लाकडं येतात. चार माणसं जमवून ठेवा."

पलीकडून अगदी बारीक आवाज, "देवेश खंय?"

"देवेश त्याच गाडीतून येतोय."

फोन गेला. हळर्णला रेंज अशीच जाते. सिद्धी निर्धास्त झोपली.

आता, घराचं लाकूड असलं तर आमच्याकडे रुकाड म्हणतात. पुण्याचं पाणी लागलं की असले शब्द आधी वाहून जातात. नुसती 'लाकडं येतात', वर 'चार माणसं'... एवढं शेंबड्या पोरालाही कळतं की सरण रचायचंय.

सकाळी ट्रेलर हळर्णच्या वळणावर आला तेव्हा अंगणात अख्खा वाडा गोळा झाला होता. सीमेपलीकडून, दोडामार्गाहून, देवेशचा मामा भिकाजी माणसं घेऊन आला होता. बायका रडून रडून दमल्या होत्या. आणि गाडीवरून उडी मारून देवेश उतरला. "कोण गेला?" त्याने विचारलं.

सगुण खुर्चीतून उठला, मुलाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि पुन्हा खुर्चीत बसला. मग एवढंच म्हणाला, "त्या लाकडांत मी पाय घालूचंय नाय."

सिद्धी स्कूटरवरून पोचली तेव्हा तिला सगळं कळलं. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. देवेश जवळ आला.

"माका मारून टाकलंस तू," तो हळूच म्हणाला. "निदान विचारूचा तरी होतां."

"देवेश, मी..."

"रडा नको. मी मेलंय तेव्हा तुका कसां वाटलां ता सांग."

"हसू नकोस असा. मला... तू गेलास तर मला नाही सहन व्हायचं."

ती बोलून गेली. त्याचं हसू विझलं. सगळ्या गावासमोर त्याने तिचा हात धरला नाही, पण हात तिच्या हाताशेजारी ठेवून उभा राहिला.

घर उभं राहिलं. लोक बघायला येत, वाजवून बघत, वाळवी लागतली म्हणत, जात. सगुण समोरच्या गोठ्यातल्या खुर्चीवरून बघत राहिला आणि आत काही आला नाही. देवेशही पडवीत त्याच्याजवळच झोपे. नवं घर रिकामं. सिद्धी दर रविवारी येई, गोठ्याच्या पायरीवर बसे, सगुण तिच्याशी बोलत नसे. ती तरीही येई. ज्या बापाला तिने पोर मेल्याची खबर दिली, त्याच्या घरात कुठल्या तोंडाने यायचं, हे तिला सुटत नव्हतं आणि देवेशही तिला सुटत नव्हता.

श्रावणात सगुणला खोकला धरला. पेडण्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि देवेशला बाजूला घेऊन सांगितलं की ओलीत बसू देऊ नका, आणि फार आशाही ठेवू नका. देवेशने बापाचे पाय धरले.

"भिंत पडता," म्हातारा म्हणाला. खुर्ची त्याने सोडली नाही.

त्या रविवारी धो धो लागला होता. सिद्धी उठली, पावसातून नव्या घरात गेली आणि सगुणच्या खाटेसाठी ठेवलेल्या जागी, भिंतीला अगदी पाठ लावून, जमिनीवर आडवी झाली. दार सताड उघडं ठेवलं.

"काका, पडली तर आधी माझ्यावर पडेल. बघत राहा."

पाऊस वळचणीवरून पडद्यासारखा कोसळत होता. लाकडाला अजून राळेचा वास होता. आठवडाभराच्या धावपळीने ती दमली होती... हट्ट करायला गेली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंगावर खरबरीत चादर होती. उशाशी सगुण बसला होता, भिजलेला, धापा टाकत. त्याचा तळवा भिंतीवर होता.

"थंड नाय," तो म्हणाला.

"लाकूड आहे ना, काका."

"वाऱ्यान तुका सर्दी झाली असती." बराच वेळ तो खोकत राहिला. मग म्हणाला, "त्या राती मी देवकीक काय नाय ता बोललंय. पोरग्याक पण नेलंस म्हणान. तुझ्यामुळां."

"माहीत आहे."

"जावंदे. आता माझी खबर तूच दी. तुका सवय आसा."

ती रडत रडत हसली. दारात देवेश उभा होता, वळचणीखाली, अर्धा ओला. बाप त्या दिवशी तिथेच आडवा झाला, आणि खिडकीतून अंगण बघत झोपला.

संध्याकाळी ती स्कूटर काढत असताना देवेश म्हणाला, "घरभरणी करूची आसा. भट म्हणता पुजेक जोडपां व्हया. आमच्या घरात जोडपांच नाय."

"मग शोध की."

"शोधलंय. पण ता बोलणा चुकीचा करता. खबर देताना माणसां मारता."

"मग तसलीला हो म्हणायच्या आधी विचार कर."

"केलंय. तू कर."

तिने नुसती स्कूटर चालू केली. गणपतीच्या चवथीनंतर सांगू, असं तिने ठरवलं होतं.

चवथ यायची होती. त्याआधीच एका सकाळी सगुण उठला नाही. खिडकीकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून, आडवा. शेजाऱ्याने कळवल्यावर सिद्धी कारापूरहून पोचली तेव्हा देवेश बापाच्या पायाशी बसला होता. फोन त्याच्या हातात होता, मामाचा नंबर काढलेला होता, आणि बोट पुढे जात नव्हतं. "माझ्यान होयना," तो म्हणाला.

तिने फोन घेतला. भिकाजीने उचलला.

"मामा, हळर्णहून बोलतेय. सगुणबाबा गेले. आज पहाटे, झोपेत. लाकडं... लाकडं सांगायला हवीत. चार माणसं घेऊन या."

भिकाजीने सावध आवाजात विचारलं, "खरांच गेलो? की आणखी घर येता?"

"खरंच, मामा."

"तू कोण बोलतंस?"

सिद्धीने देवेशकडे पाहिलं. तो खाली मान घालून बापाचे पाय चोळत होता, अजून ऊब येईल या आशेने.

"सून बोलतेय," ती म्हणाली. "त्यांच्या घरची सून."

देवेशचे हात थांबले.

भिकाजीने लांब श्वास सोडला. "मगे आयक, बाय," तो म्हणाला. "चूल पेटवू नको. जेवणाचा आमी बघतो. तेच्या उशाक दिवो लाय, आणि देवेशाक एकटो सोडू नको."

"हो, मामा," ती म्हणाली, आणि समई शोधायला आत गेली.